वारा कमी, थर जाड: परसात कोळशाची भट्टी मांडताना

मी काही पिढीजात लोहार नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. लोखंड कापायचं, छिलायचं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचं, हे सगळं यायचं. तापवून घडवायचं मात्र येत नव्हतं. गावातल्या लोहारमामांनी वय झालं म्हणून भाता बंद केला आणि खुरपी, विळे शेवटून (तापवून, ठोकून नवी धार काढून) घ्यायला लोकांना बाजार गाठावा लागायला लागला, तेव्हा मला शिकायची हुक्की आली. मामांना विचारलं. ते म्हणाले, "आदी जाळ करायला शिक, लोखंड कुठं पळून जात नाही."

मी हे कानाआड केलं. तीन महिने ऐरण शोधण्यात घालवले. शेवटी ऐरण आली, तीन हातोडे आले, आणि बारा एमएमची साधी सळई पिवळी करता येईना. जाळ होता, पण पसरट आणि पातळ. मामा एकदा डोकावले आणि म्हणाले, "काय करूलायस रे, भाकरी भाजूलायस काय?"

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात कुणाला परसात छोटी भट्टी मांडायची असेल, त्यांनी माझे ते तीन महिने वाया घालवू नयेत म्हणून हे लिहितोय. लागणारं सगळं सामान आपल्याच भागात मिळतं.

१. आधी जागा

भट्टी उघड्यावर हवी, पण उन्हात नको. तापलेल्या लोखंडाचा रंग सावलीतच कळतो. दुपारच्या उन्हात लाल झालेली सळई काळीच दिसते. तुम्ही ती आणखी तापवत बसता आणि जाळून टाकता. वर पत्रा आणि किमान दोन बाजू पूर्ण मोकळ्या, अशी जागा उत्तम. गोठ्याला लागून नको. उसाचा पाला, पिंजराची गंजी, शेणींचा ढीग यांच्यापासून चांगली लांब असू द्या. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी वारा फिरतो आणि लोणारी (लाकडाच्या) कोळशाची ठिणगी दहा-बारा फूट सहज जाते.

खरा मोह पावसाळ्यात होतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस एकदा लागला की लागला. तेव्हा माणूस म्हणतो, भट्टी जरा खोलीत घेऊ, दार लोटून घेऊ. हे करू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि उठायचं बळ राहत नाही. छपराखाली काम करायचं तर धुराडं करा, आणि त्याचा पाइप दहा ते बारा इंच व्यासाचा घ्या. मी आधी सहा इंची लावला होता. त्यातून धूर वर जाण्यापेक्षा माझ्या तोंडावरच जास्त यायचा.

खाली मातीची जमीन असू द्या. काँक्रीटवर लालभडक तुकडा पडला की आतल्या ओलीची वाफ होऊन कपचा उडतो.

आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. दगडी कोळसा पेटताना पहिली पंधरा-वीस मिनिटं पिवळट, दाट धूर देतो. शेजारच्या काकूंनी धुतलेल्या चादरी वाळत घातलेल्या असतील तर तुमचा छंद त्याच दिवशी संपेल.

२. कोळसा: नावात फसू नका

आपल्याकडे एका नावाखाली तीन वस्तू विकल्या जातात. दुकानात मराठीत कोळसा मागा नाहीतर कन्नडात इद्दलु, पुढ्यात बहुतेक लोणारी कोळसाच येतो, म्हणजे इस्त्रीवाले वापरतात तो लाकडाचा कोळसा. दगडी कोळसा हवा असेल तर तसं स्पष्ट सांगा. कन्नडात कल्लिद्दलु म्हणा. तिसरा कोक. हा दगडी कोळसाच, पण आधी भाजून त्यातला धूर आणि डांबर काढून टाकलेला. बेळगावात फाउंड्र्या भरपूर असल्याने कोक मिळायला अडचण नाही, पण तो मुठीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या ढेकळांत येतो.

लोणारी कोळसा स्वच्छ जळतो. गंधक जवळपास नाही, वितळलेल्या राखेचा खंगर धरत नाही, पेटायलाही सोपा. पण भराभर संपतो आणि ठिणग्या उडवतो. दगडी कोळसा जास्त वेळ टिकतो, वर चिकटून घुमटी धरतो आणि उष्णता आत कोंडून ठेवतो. मात्र आपल्या देशातल्या बहुतेक दगडी कोळशात राख फार. ती राख वितळून भट्टीच्या तळाशी काचेसारखा, जड, चिकट गोळा होतो. त्याला आमच्याकडे खंगर म्हणतात, आणि नवशिक्याची निम्मी दुखणी त्यातूनच येतात. कोक सगळ्यात गरम, धूरही नाही, पण हट्टी. पेटता पेटत नाही आणि वारा (पंख्याने कोळशात सोडायची हवा) थांबवला की विझायला लागतो.

माझं मत विचाराल तर पहिला महिना फक्त लोणारी कोळसा वापरा. जाळाचा अंदाज आला की मग कोक आणि दगडी कोळसा मिसळून घ्या. पहिल्याच दिवशी दगडी कोळशाच्या मागे लागू नका.

मी लागलो होतो. वीटभट्टीला जाणाऱ्या मालातलं एक पोतं स्वस्तात मिळालं म्हणून घेऊन आलो. अर्धी भुकटी, अर्धे दगड. अर्ध्या तासात तळाला खंगर साचून वारा बंद. दगडी कोळसा घेताना एक ढेकूळ हातात घेऊन फोडून बघा. चांगला कोळसा हलका, चकचकीत काळा असतो आणि चौकोनी तुकड्यांत फुटतो. करडा, जड, पाटीच्या दगडासारखे थर असलेला नको. पितळेसारखे पिवळे ठिपके चमकत असतील तर तो गंधकाचा माल, परत ठेवा. शंका असेल तर एक किलो घेऊन पूर्ण जाळा आणि राख वजन करा. पाव किलोच्या वर राख उरली तर पोतं घेऊ नका.

तुकडे हरभऱ्यापासून सुपारीएवढे असावेत. कोक फोडताना गोणपाटात गुंडाळून फोडा आणि डोळ्यांवर चष्मा घाला. त्याच्या कपच्या काचेसारख्या उडतात.

एक कायद्याची गोष्ट. लोणारी कोळसा कायद्याच्या नजरेत वनोपज आहे. खानापूरकडच्या रानात जाऊन "चार लाकडं जाळून करू की" असं म्हणू नका. दुकानातून घ्या आणि बिल जपून ठेवा.

३. सामान

एकदम सगळं गोळा करायची गरज नाही. पण पहिल्या दिवशी एवढं हाताशी हवं:

• जुना ब्रेक ड्रम (कार किंवा छोट्या टेम्पोचा) किंवा मातीची आगटी (जाळाचा खड्डा) करायला चिकणमाती, वाळू, भाताचं तूस
• दोन इंची काळा लोखंडी पाइप आणि त्याचाच टी-जोड
• हाताने फिरवायचा पंखा किंवा छोटा ब्लोअर
• ऐरण किंवा ऐरणीसारखा लोखंडाचा जड ठोकळा, खाली बाभळीचा ओंडका
• एक किलोच्या आसपासचा हातोडा
• सांडशी एक, तारेचा ब्रश एक
• लांब सळई (जाळ उकरायला), टोक वाकवलेली आकडी, छोटं खोरं
• पाण्याची बादली, वाळूची बादली, आणि तळाला खिळ्याने भोकं पाडलेला डबा
• सुती जाड कपडे, चामड्याचे बूट, डोळ्यांना चष्मा

कपड्यांवरून एक सांगतो. टेरिकॉटची पँट आणि स्लिपर घालून भट्टीपुढे उभं राहू नका. सुती कापडाला ठिणगीने भोक पडतं. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

पाइप गॅल्व्हनाइज्ड घेऊ नका. नळाचा तो चकचकीत पाइप घरात पडलेला असतोच आणि हात आपसूक तिकडे जातो. त्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि जाळाच्या तोंडाशी उष्णता त्याच्या पुढे जाते. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्या मित्रांना विचारा, ते सांगतील.

४. आगटी

आगटी म्हणजे जाळाचा खड्डा. पसरट परात नको, खोल वाटी हवी. तोंड आठ-दहा इंच, खोली चार इंच, एवढं पुरे. ब्रेक ड्रम सोपा पडतो. त्याच्या मधल्या भोकावर सहा ते आठ एमएमची भोकं पाडलेली जाड लोखंडी पट्टी ठेवा आणि खाली टी-जोड बसवा. टीच्या आडव्या तोंडातून वारा येतो, खालच्या तोंडातून राख पडते. त्या खालच्या तोंडाला वजनाने बंद राहणारं झाकण हवं. ते घट्ट करू नका. का, ते पुढे सांगतो.

ट्रकचा ड्रम फुकट मिळाला तरी घेऊ नका. त्यात खोराभर नव्हे, पाटीभर कोळसा लागतो. घेतलाच तर कडेने माती लिंपून वाटी लहान करा.

दुसरा मार्ग मातीचा, मामांचा. त्यांची भट्टी जमिनीलगत होती आणि वारा खालून नव्हे, बाजूने यायचा. एक घमेलं चिकणमाती, दोन घमेली बारीक वाळू, दोन मुठी तूस. कुंभाराकडची माती मिळाली तर उत्तम. खानापूरची माती त्या कामासाठी नावाजलेली आहे आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे. माती इतपतच भिजवा की मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. आकार करून सावलीत आठ दिवस वाळू द्या, मग दोन दिवस नुसता लहान जाळ करा. घाई केली तर भेगा पडतात. भेगा पडल्याच तर ओल्या मातीने बुजवा, रडायचं काही कारण नाही.

मातीत नदीचे गोटे घालू नका आणि आगटीला सिमेंट वापरू नका. आत पाणी राहिलेला गोटा तापला की फटाक्यासारखा फुटतो. सिमेंटही तसंच कपच्या उडवतं.

बाजूने वारा घेतला तर राख नळीच्या खाली साचते, त्यामुळे खंगराचा त्रास कमी होतो. खालून घेतला तर जाळ पटकन होतो, पण जाळीवर खंगर बसतो. मला आता बाजूचा जास्त आवडतो. पण सुरुवात ब्रेक ड्रमने केली याचा पस्तावा नाही, कारण एका रविवारात भट्टी उभी राहिली.

५. वारा

चामड्याचा भाता आता फारसं कुणी करत नाही आणि त्याची गरजही नाही. हार्डवेअरच्या दुकानात दोन गोष्टी मिळतात: हाताने फिरवायचा दाते असलेला पंखा आणि विजेचा ब्लोअर. नवशिक्याने हातपंखाच घ्यावा, असं मी ठासून सांगेन. तुमचा हात थांबला की वारा थांबतो. लोखंड विसरलात तरी जळत नाही, कोळसाही वाचतो. वीज गेली तरी काम चालतं, आणि आपल्याकडे वीज कधी जाते ते सांगायला नको.

विजेचा घेतलाच तर तो पूर्ण जोराने कधीच लागत नाही. पाइपमध्ये पत्र्याची सरकती झडप बसवा आणि तिने वारा कमी-जास्त करा. मी पहिले दोन महिने ब्लोअर पूर्ण सोडत होतो. जाळ मोठा दिसायचा, आवाज जोरात यायचा, बघायला येणाऱ्या पोरांना भारी वाटायचं. लोखंड मात्र खवले धरून पातळ होत जायचं. जास्त वारा म्हणजे जास्त उष्णता नव्हे. न जळलेली हवा उरते ती लोखंडालाच खाते.

आता त्या खालच्या झाकणाची गोष्ट. वारा बंद करून तुम्ही हातोडा घेतला, कोळसा धुमसत राहिला, की त्याचा गॅस पाइपमध्ये उलटा उतरतो. परत वारा सोडला की तो ठिणगीला भेटतो आणि धप्प! माझ्या भट्टीचं झाकण एकदा गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आपटलं. म्हैस दिवसभर बिथरलेली. म्हणून झाकण सैल असावं, म्हणजे दाब तिथून निघून जातो. वारा थोडा वेळ थांबवायचा असेल तर अगदी बारीक चालू ठेवा. पूर्ण थांबवायचा असेल तर राखेचं झाकण उघडं ठेवा.

६. ऐरण आणि हातोडा

यावर मी तीन महिने घालवले, म्हणून थोडक्यात सांगतो. जुनी ऐरण मिळाली तर भाग्य. नाहीतर मशीन शॉपमधून गोल शाफ्टचा उरलेला तुकडा मागा. दीडशे एमएम व्यासाचा, तीनशे एमएम लांबीचा तुकडा सुमारे ४२ किलो भरतो. तो उभा ठेवून ओंडक्यात चार बोटं रुतवा. खालचं सगळं वजन सरळ घावाखाली येतं, त्यामुळे आडव्या पातळ ठोकळ्यापेक्षा तो जास्त काम देतो. बेअरिंगची गोळी वितीएवढ्या उंचीवरून त्याच्यावर टाकून बघा. अर्ध्याच्या वर उसळली तर चालेल, निम्म्यालाही न येता मेल्यासारखी पडली तर लोखंड मऊ आहे.

रेल्वेचा रूळ भंगारात स्वस्त मिळतो, असं कुणीतरी हमखास सांगेल. बिलाशिवाय घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि "मला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही.

उंची: हात सरळ खाली सोडून मूठ वळा. मुठीची बोटं जिथे येतील तिथे ऐरणीचा माथा. मामा बसून काम करायचे, त्यांची ऐरण जमिनीलगत. मी बसून बघितलं, दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागले.

हातोडा एक किलोच्या वर नको. नव्या हातोड्याच्या कडा तीक्ष्ण असतात, त्या कानसीने गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक चुकलेला घाव लोखंडावर चंद्रकोर उठवतो.

७. जाळ पेटवणे

आता मूळ काम. आगटी साफ करा. जाळीवरची राख आणि कालचा खंगर काढा. कागदाचा बोळा, त्यावर नारळाच्या करवंट्यांचे तुकडे, त्यावर मूठभर लोणारी कोळसा. पेटवा आणि वारा अगदी बारीक द्या, पंखा दमाने फिरवा. करवंटी चांगली पेटली की भोवतीने कोळसा सरकवा. वरून ओतू नका. वरून पाटी ओतली की जाळ गुदमरतो आणि अख्खी गल्ली धुराने भरते.

दगडी कोळसा वापरत असाल तर कच्चा कोळसा नेहमी कडेला ठेवायचा. कडेला तो तापतो, धूर सोडतो, फुगून चिकटतो आणि त्याचा कोक होतो. तो कोक सळईने मध्ये ओढायचा आणि कडेला नवा कच्चा भरायचा. धूर दाट झाला तर वरच्या थराला सळईने एक भोक पाडा. जाळ त्यातून वर येतो आणि धूर तिथेच जळून जातो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मला ऐरण मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

जाळ कडेकडेने पसरायला लागला की भोकाच्या डब्याने कडेला पाणी शिंपडा. मध्ये नाही, फक्त कडेला. जाळ नारळाएवढा राहायला हवा, परातीएवढा नाही. नेहमीची चूक ही, की मोठा जाळ म्हणजे चांगला जाळ असं वाटतं.

माझा दोन तासांच्या बैठकीला चार-पाच किलो कोळसा जातो. त्याच्या दुप्पट जात असेल तर तुमचा जाळ पसरलाय.

८. जाळाचे थर आणि लोखंडाचा रंग

मामांच्या "भाकरी"चा अर्थ मला इथे कळला. वारा जिथून येतो त्याच्या लगेच वर हवा जास्त असते. तिथे लोखंड ठेवलं तर खवले धरतात. त्याच्या वर, साधारण चार बोटांवर, हवा जळून संपलेली असते आणि उष्णता सगळ्यात जास्त. हीच कामाची जागा. म्हणून वाऱ्याच्या तोंडापासून लोखंडापर्यंत किमान चार बोटं पेटता कोळसा हवा आणि लोखंडावर आणखी दोन-तीन बोटं झाकण. थर पातळ असला की लोखंड थेट वाऱ्यात सापडतं. जाळ भाकरीसारखा नको, मोदकासारखा हवा.

सळई आडवी, सरळ आत घाला. तिरकी खाली खुपसली की टोक थेट वाऱ्याच्या तोंडाशी जातं. नवशिक्याची सळई बाहेर येते तेव्हा टोक वितळलेलं आणि मागचा भाग काळाच असतो, त्याचं कारण हे.

रंग असे वाचा:

• काळसर लाल (साधारण ६०० अंश): घाव घालू नका, परत आत घाला
• कुंकवाचा लाल (७५०-८००): हलकं वाकवणं, सरळ करणं
• केशरी (९०० च्या पुढे): घडवायला चांगला
• हळदीसारखा पिवळा (११०० च्या आसपास): टोक काढायला, जाड लोखंड पसरवायला उत्तम
• पांढरा, फुलबाजीसारख्या ठिणग्या: लोखंड जळतंय, ते टोक कापून टाका

ताव (लोखंडाचा लाल-पिवळा तापलेपणा) गेल्यावर "आणखी दोन घाव" मारायचा मोह सगळ्यांना होतो. थंड लोखंडावर मारलेल्या घावाने लोखंड हलत नाही, तुमचं मनगट मात्र हलतं.

काम करता करता मध्येच जाळ मंद झाला, पंखा फिरवूनही मधोमध काळा डाग राहिला, तर खाली खंगर आहे. ढवळू नका. ढवळलं की त्याचे तुकडे सगळ्या जाळात मिसळतात आणि लोखंडाला चिकटतात. वारा थांबवून राखेचं झाकण उघडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. तो थिजतो. मग आकडीने कडेकडेने चाचपा. कोळसा भुसभुशीत लागतो, खंगर काचेसारखा टणटणतो. खालून उचलून एकाच तुकड्यात बाहेर काढा. थंड झाल्यावर बघा, हिरवट काळा, बुडबुडे असलेला, चकलीसारखा वाकडातिकडा दिसतो. मी पहिला ठेवून दिलाय.

९. पहिली कामं

दहा किंवा बारा एमएमची चौकोनी साधी सळई घ्या, दोन-अडीच फुटांची. एवढी लांब असली की मागचं टोक हातात धरता येतं, सांडशीची गरज पडत नाही. बांधकामातली टोरची सळई नको. तिच्या अंगावरचे कंगोरे घावाखाली दुमडतात आणि आत चीर राहते.

पहिलं काम टोक काढणे. चौकोनी ठेवूनच निमुळतं करा, गोल सगळ्यात शेवटी. सुरुवातीपासून गोल करायला गेलात तर मध्ये पोकळ फाटतं. दुसरं काम तेच टोक वाकवून भिंतीतली खुंटी. तिसरं, भट्टीची स्वतःची आकडी आणि सळई. सांडशी दहा-पंधरा बैठकांनंतर.

विळा-कोयत्याची घाई नको. त्याला गाडीचा पाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी) लागतो. पाटा कडक पोलाद असतो, केशरीच्या खाली मारला तर तडकतो. पाणी देण्याचं, म्हणजे तापलेलं पोलाद एकदम थंड करून कडक करण्याचं, शास्त्र वेगळं शिकावं लागतं. तोंडओळख सांगतो: धारेचा भाग इतका तापवा की चुंबक चिकटायचं बंद होईल (सुमारे ७७० अंश), त्याहून किंचित पुढे न्या आणि कोमट तेलात बुडवा. पाट्याला पाणी चालत नाही, चीर जाते. मी जुनं शेंगतेल वापरतो. इंजिन ऑइलचा धूर फार वाईट. तेलाला जाळ लागू शकतो, म्हणून झाकण हाताशी ठेवा, पाणी कधीच ओतू नका. बुडवल्यावर ते पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. घासून चकचकीत करा आणि पाठीकडून हळूहळू ऊब द्या. रंग चढायला लागतो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोयत्याची धार जांभळी झाली की थांबवा.

तलवार मात्र करायला घेऊ नका. भट्टी मांडली हे कळल्यावर गल्लीतली पोरं पहिली हीच फर्माईश करतात, शिवजयंतीला तर जास्तच. शेतीची आणि घरातली हत्यारं वेगळी, तलवार शस्त्र कायद्यात येते.

१०. धंदा करायचा असेल तर कागद

घरापुरतं करणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. पैसे घेऊन काम करायचं तर ग्रामपंचायतीचा किंवा महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना लागतो. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) ऑनलाइन आणि मोफत आहे, तिला आधार आणि पॅन लागतं. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर, आणि तारणाशिवाय आधी एक लाख व मग दोन लाखांचं कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तिची रचना आहे. ती हाताने पारंपरिक काम करणाऱ्यांसाठी आहे, माझ्यासारख्या हौशी लेथवाल्यासाठी नाही. पण घरात भाता असलेल्या कुणाला माहीत नसेल तर सांगा. अर्ज सीएससी केंद्रातून (सरकारी ऑनलाइन सेवांचं गावातलं केंद्र) होतो. आधार, त्याला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक, रेशन कार्ड बरोबर न्या.

इथे आपल्या भागातली खास अडचण. रेशन कार्डावर नाव कन्नडात, शाळेच्या दाखल्यावर मराठीत, आधारवर इंग्रजीतून आलेलं तिसरंच. एका ठिकाणी आडनावात 'कर' आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. अर्ज करण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरं जुळवा आणि चूक आधी दुरुस्त करून घ्या. आमच्या गावातल्या एकाचा अर्ज एका वेलांटीपायी दोन महिने लटकला होता.

११. भट्टी बंद करताना

शेवटच्या तावानंतर पेटता कोळसा आकडीने मधून कडेला ओढा, म्हणजे तो विलग होऊन लवकर विझतो. उद्याला वापरता येतो, शिवाय असा अर्धा भाजलेला कोळसा पेटायलाही सोपा. ब्रेक ड्रमवर पाणी ओतू नका, ओतीव लोखंड तडकतं. राखेचं झाकण उघडून वारा बंद करा. गरम तुकडे वाळूत ठेवा. काळं झालेलं लोखंड थंड झालेलं नसतं. धरण्याआधी हाताची पालथी बाजू जवळ नेऊन बघा. पाहुण्यांच्या पोरांना त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नका.

राख पोत्यात भरू नका. मी एकदा थंड समजून गोणपाटात भरली आणि पोतं भिंतीला टेकवून जेवायला गेलो. रात्री साडेदहाला आईला जळका वास आला. पोत्याचा तळ उरला नव्हता आणि शेजारी ठेवलेल्या झाडूच्या काड्या निखाऱ्यासारख्या लाल होत्या. तेव्हापासून राख पत्र्याच्या डब्यात, डबा उघड्या जमिनीवर, आणि झोपायच्या आधी बॅटरी घेऊन एक फेरी.